भूकंप, धरण आणि लिहिणाऱ्याचं देणं

लोहारा तालुक्यातल्या माकणीला तेरणेवर निम्न तेरणा प्रकल्पाचं धरण आहे. ‘या धरणानंच ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप आणला’ असं छातीठोक सांगणारी माणसं किल्लारी-सास्तूर पट्ट्यात आजही भेटतात. ‘धरणाचा काडीचा संबंध नाही’ म्हणणारेही तितकेच ठाम. दोघांनीही ते कुठेतरी वाचलेलं असतं. माझी तक्रार वाचणाऱ्यांबद्दल नाही, लिहिणाऱ्यांबद्दल आहे.

या प्रश्नावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. कोयनेच्या १९६७ च्या भूकंपाचा जलाशयाशी असलेला संबंध भूकंपशास्त्रात बहुतेकांनी मान्य केला आहे. ते धरण १०३ मीटर उंच. माकणीचं मातीचं धरण त्यापुढे बुटकं. तरी जलाशयाचं पाणी खोलवर मुरलं आणि आधीच ताणलेल्या खडकाला निमित्त मिळालं, असा तर्क काही अभ्यासकांनी मांडला, इतरांना तो पटला नाही. वाचकाला हे असंच, अर्धवट आहे तसं सांगता आलं असतं. पण शंका छापली तर लेख ढिला वाटतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. मग तर्काचं विधान होतं, विधानाचा मथळा होतो आणि मथळा गावात जाऊन पुरावा होतो.

आकड्यांचंही तेच. मृतांची संख्या ७,९२८ पासून दहा हजारांपर्यंत छापली गेली. आकडा कुणाचा, कधीचा, कसा मोजलेला, हे सांगण्याच्या भानगडीत फारसं कुणी पडलं नाही.

मराठी रिपोर्ताजला हे जमत नाही असं मुळीच नाही. अनिल अवचटांचं ‘पूर्णिया’ १९६९ चं. अवचट कुठे गेले, कुणाशी बोलले, काय कळलं आणि काय कळलं नाही, हे वाचकाला दिसत राहतं. त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येतं. लातूरच्या अतुल देऊळगावकरांनी ‘डळमळले भूमंडळ’मध्ये भूकंपाचाच विषय घेतला. वास्तुकार लॉरी बेकरांचं चरित्र लिहिणाऱ्या या लेखकाची नजर घर कसं बांधलंय तिकडे जाणारच. पी. साईनाथ यांचं ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ मराठीत आलं, वाचलं गेलं. म्हणजे नमुने समोर आहेत. परंपरा मात्र झाली नाही.

कारण आपल्याला हळहळ लवकर सुचते. अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जन करून झोपलेली गावं, पहाटे ३.५६ ची वेळ: एवढ्यावर डोळ्यांत पाणी आणणारा लेख सहज होतो. कवितांचं तर विचारूच नका. ‘निसर्ग कोपला’ म्हटलं की सगळ्यांचीच सुटका. पण माणसं मेली ती बऱ्याच अंशी भिंतींखाली. दोन अंगांनी रचलेली जाड दगडी भिंत, मध्ये खडी आणि चिखल, दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आरपार लांब दगड नाही. वर माळवद, गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी माती टाकून टाकून जड झालेलं. धक्का बसला तशा भिंती फुटल्या आणि दगड झोपलेल्यांवर आले. हे तपशील ज्या लेखात नाहीत, तो कितीही हळवा असो, वाचकाला फसवतो. कारण तसल्याच घरात अजून झोपणारे लोक तो वाचत असतात.

पुनर्वसनाच्या वसाहतींवर तर याहून कमी लिहिलं गेलं. ५२ गावं नव्या जागी हलवली. त्या आखीव रस्त्यांवर जुन्या गल्लीतली शेजारसोबत कुठे गेली, हा कादंबरीचा ऐवज होता. बातमी संपली तसं लेखकांचंही लक्ष उडालं.

२०२० च्या जानेवारीत ९३ वं साहित्य संमेलन माकणी-सास्तूरच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादला भरलं. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. लेखकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर आपल्याकडे प्रत्येक संमेलनात बोललं जातं, बोलायलाच हवं. पण वाचकाला काय कळायला हवं, चूक छापली तर ती कोण आणि कुठे दुरुस्त करणार, यावर परिसंवाद ठेवायला आयोजकांना कधी सुचत नाही. वृत्तपत्रांतही खुलासा येतो तो आतल्या पानावर, बोटभर जागेत.

मराठवाड्यावर लिहिणाऱ्यांना एवढंच सांगणं: मजकूर छापायला देण्याआधी माकणी-सास्तूरला एकदा मोठ्यानं वाचून दाखवा. ‘असं नव्हतं, साहेब’ म्हणून कुणी अडवलं, तर तेही छापा.