बाकांच्या क्रमाने लिहिलेला ग्रामेतिहास

इंग्लंडमधील एखाद्या ग्रामीण पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत मोडणाऱ्या वस्त्यांचा, इतिहास शोधू पाहणाऱ्याच्या हाती प्रथम येते ती चर्चची नोंदवही. बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवण्याची आज्ञा टॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये काढली. मात्र या नोंदींत नाव, तिथी आणि क्वचित बापाचे नाव यांपलीकडे फारसे काही नसते. वंशवृक्ष त्यांवरून काढता येतो. त्या कुटुंबाने संसार कसा केला, हे कळत नाही.

रिचर्ड गॉफ याच्या ग्रंथाचे महत्त्व येथे आहे. श्रॉपशर परगण्यातील मिडल या पॅरिशचा हा जमीनदार शेतकरी साठी उलटल्यावर, १७०० च्या सुमारास, लिहावयास बसला. त्याने आधार घेतला तो चर्चमधील बाकांचा. बाकावरील हक्क व्यक्तीचा किंवा जमिनीचा नसून घराचा, अशी त्याची धारणा होती. साहजिकच बाकामागून बाक घेत तो त्या घरात क्रमाने नांदून गेलेल्या कुटुंबांची हकीकत सांगतो. कर्जबाजारी झालेला मुलगा, लंडनला गेलेला भाऊ, दुसऱ्या घरी दिलेली मुलगी हे सर्व त्यात येतात. यादवी युद्धात राजाच्या बाजूने मिडल, मार्टन व न्यूटन या तीन वस्त्यांतून वीस माणसे गेली व तेरा मारली गेली, ही माहितीही त्याचीच.

भाषाभ्यासकाला या योजनेचा आणखी एक गुण जाणवेल. वेल्सच्या सीमेलगत बापाच्या नावावरून आडनाव पडण्याची चाल दीर्घकाळ टिकली. 'अॅप रिचर्ड'चे 'प्रिचर्ड' झाले ते तिच्यातूनच. बाप व मुलगा यांची आडनावे जेथे निराळी, तेथे नावांवर विसंबणारा संशोधक फसतो. घराचा धागा मात्र तुटत नाही. आपल्याकडील कुलवृत्तांतांत कुळ हेच घटक असल्यामुळे गाव केवळ पत्त्यापुरते उरते. गॉफची रीत तेथे कोणी वापरून पाहावयास हवी होती.

तथापि गॉफला पॅरिशचा आरसा मानणे धोक्याचे होय. कुटुंब बुडाले की कारण बहुधा दारूचा गुत्ता. हा निर्णय स्वतःच्या मालकीची जमीन असलेल्या, सुस्थित माणसाचा आहे. खंड, धान्याचे भाव, खाणारी तोंडे यांना तो तितकी जागा देत नाही. डेव्हिड हे यांनी १९७४ च्या आपल्या ग्रंथात मृत्युपत्रे, मालमत्तेच्या याद्या व नोंदवह्या यांच्याशी हा मजकूर ताडून पाहिला. त्यामुळे गॉफच्या तपशिलावरील विश्वास वाढला. त्याच्या कारणमीमांसेवरील विश्वास मात्र तेवढ्याने वाढू नये. शिवाय घराच्या क्रमाने लिहिताना ज्यांना स्वतःचे घर नव्हते, ते नोकर व हंगामी मजूर दुसऱ्यांच्या कथांतून ओझरते येऊन जातात. त्यांचा माग काढावयाचा तर पुन्हा त्या कोरड्या नोंदवहीकडेच वळावे लागते.