गणिका, निगम आणि देहावरील अधिकार

देहविक्रयास कायदेशीर मान्यता द्यावी की नाही, या वादात अम्बपालीचा दाखला दोन्ही बाजूंनी दिला जातो. तथागतांनी गणिकेचे भोजन स्वीकारले, म्हणजे तिचा व्यवसायही मान्य केला, असे एक पक्ष म्हणतो. ती पुढे थेरी झाली, म्हणजे व्यवसाय करणारी स्त्री दोषी ठरली, असे दुसरा म्हणतो. आमच्या मते दोन्ही वाचने अपुरी आहेत. गणिकेला त्या स्थानी कोणी बसविले, हा प्रश्न दोघेही टाळतात.

विनयपिटकातील महावग्ग याचे उत्तर देतो. अम्बपालीमुळे वैशालीला आलेली शोभा राजगृहाच्या नेगमाने पाहिली, बिंबिसार राजाची अनुमती मिळविली आणि सालवती नावाच्या कुमारीस गणिकापदी बसविले. सालवतीला विचारल्याचा उल्लेख तेथे नाही. थेरीगाथेत अड्ढकासीदेखील आपले मूल्य निगमाने ठरविल्याचे सांगते. तेव्हा राजमान्यता म्हणजेच स्त्रीचा देहावरील अधिकार, हे समीकरण पालि वाङ्मयाच्या आधारे टिकत नाही.

याच अड्ढकासीची कथा चुल्लवग्गात पुढे येते. उपसंपदेसाठी सावत्थीस जाण्याची तिची इच्छा होती. परंतु धूर्तांनी वाट अडविली होती. तेव्हा भगवंतांनी दूतामार्फत उपसंपदा देण्याची अनुज्ञा दिली. तिच्या निर्णयासाठी नियम बदलला गेला. अंगुत्तरनिकायात उपासकास वर्ज्य अशा पाच व्यापारांत सत्तवणिज्जा आहे. अट्ठकथा तिचा अर्थ मनुष्यविक्रय असा देते. दोष विक्रेत्याचा आहे, विकल्या गेलेल्या स्त्रीचा नव्हे.

दि. १६ जून १९३६ रोजी मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, जोगतिणी, मुरळ्या यांच्यासमोर भाषण करून हे जीवन सोडण्याचे आवाहन केले. त्या शब्दांना आज कोणी कठोर म्हणतात. परंतु जेथे जातच मुलीला देवाच्या नावाने वाहून टाकते, तेथे 'निवड' हा शब्द किती पोकळ ठरतो, हे त्यांनी जाणले होते. त्यांनी त्या स्त्रियांना निर्णयक्षम मानून आवाहन केले. पोलिसांच्या हाती दंडुका दिला नाही.

हा भेद कायद्याच्या चर्चेत हरवतो. स्वीडनने १९९९ पासून ग्राहकास अपराधी ठरविले, न्यूझीलंडने २००३ साली दंडविधान दूर केले, तर जर्मनीने २०१७ पासून नोंदणी सक्तीची केली. आपल्याकडील १९५६ च्या कायद्यात देहविक्रय स्वतः गुन्हा नाही. मात्र स्त्रीच्या कमाईवर जगणारी अठरा वर्षांवरील कोणतीही व्यक्ती दंडास पात्र ठरते. मग तिची वृद्ध माता किंवा शिकणारा मुलगा यांचे काय? सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी स्वेच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या प्रौढ स्त्रीस धाडीत अटक करू नये, तिचा छळ करू नये आणि केवळ व्यवसायामुळे मुलांना तिच्यापासून तोडू नये, असे निर्देश दिले. ते आम्हांस धम्माशी सुसंगत वाटतात.

तात्पर्य, निगमाने भाव ठरविणे हे स्वातंत्र्य नव्हे आणि शासनाने स्त्रीला दंड करणे ही नीती नव्हे. दलालास शिक्षा, स्त्रीस अभय आणि बाहेर पडू इच्छिणारीस जमीन, शिक्षण व रोजगार, हा मार्ग आम्हांस योग्य वाटतो. अड्ढकासीला वाट मोकळी करून देणाऱ्या संघाचे आपण वारस आहोत. आपल्या विहाराचे दार अशा स्त्रीला आणि तिच्या लेकरांना पूर्ववृत्त न विचारता उघडते काय, याचे उत्तर प्रत्येक उपासकाने द्यावयाचे आहे.