मोटारसायकलची मागची बैठक : दुचाकीच्या भावी आराखड्याची एक चिकित्सा

प्रस्तावना

दुचाकीच्या भवितव्याविषयीची चर्चा आपल्याकडे बहुधा इंजिनापासून सुरू होते आणि इंधनापाशी थांबते. पेट्रोल, वीज की सीएनजी, एका लिटरला किती किलोमीटर, साठचा वेग किती सेकंदांत, हे तिचे नेहमीचे विषय. हे प्रश्न गौण आहेत असे मुळीच नाही. तथापि वाहनाचा आराखडा कोणाच्या शरीराचे माप घेऊन बेतला जातो, हा प्रश्न या चर्चेत क्वचितच येतो. प्रस्तुत लेखात तो मोटारसायकलच्या मागच्या अर्ध्या भागाच्या, म्हणजे मागची बैठक, हाताची पकड आणि सामानाची जागा यांच्या संदर्भात तपासला आहे. उदाहरणे मुख्यतः पुण्याच्या बजाज ऑटोच्या वाहनांची घेतली आहेत. महाराष्ट्रातील मध्यमवर्गाच्या दुचाकीचा पन्नास वर्षांचा इतिहास या एका कंपनीच्या वाहनांतून बराचसा वाचता येतो.

नाशिकमधील दिंडोरी रस्त्यावर बाजार समितीच्या आवाराजवळ पहाटे उभे राहिल्यास मोटारसायकलचे खरे काम दिसते. मागे कोथिंबीर-मेथीच्या जुड्यांचे गाठोडे असते, किंवा दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवण्यासाठी वेल्डिंगच्या दुकानातून करून घेतलेली लोखंडी चौकट. दिवस वर आला की त्याच गाडीवर नवरा-बायको आणि मधोमध मूल. ती लोखंडी चौकट कंपनीच्या माहितीपत्रकात नसते. वजन मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे गेले की पुढचे चाक हलके होते, हँडलवरचा ताबा कमी होतो आणि पुढच्या ब्रेकचा उपयोग घटतो. शालेय पुस्तकातील तरफेच्या नियमाने उलगडणारी ही गोष्ट आहे. तिचा हिशेब वेल्डिंग करणाऱ्याने करावा आणि अभियंत्याने करू नये, ही विभागणी चमत्कारिकच म्हणावी लागेल.

कुटुंबाकडून एकट्याकडे

१९७२ साली आलेली चेतक स्कूटर तांत्रिकदृष्ट्या फार पुढची नव्हती. परंतु तिला पायांपुढे सपाट जागा होती, जादा चाक होते, पोलादी अंगामुळे साडी वा धोतर चाकापासून दूर राहत असे. मूल पुढे उभे राही. नोव्हेंबर २००१ मध्ये पल्सर आली आणि चित्र पालटले. पल्सरचे अभियांत्रिकी मोल नाकारण्याचे कारण नाही. २००३ मधील दोन स्पार्क प्लगांच्या डीटीएस-आय तंत्राने शक्ती आणि इंधनबचत यांचा मेळ साधला. पण तिची जाहिरात ‘डेफिनेटली मेल’ अशी होती, आणि हे लिंग पुढे जाहिरातीपुरते राहिले नाही, ते गाडीच्या अंगात उतरले. २०१२ च्या पल्सर २०० एनएसमध्ये बैठक दुभागली गेली. मागचा भाग वर उचललेला आणि आखूड. तेथे बसणारी व्यक्ती पुढच्याच्या खांद्याच्या आधाराने तोल सांभाळते. साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या स्त्रीचा विचार या आराखड्यात कोठे केला आहे, हे शोधूनही सापडत नाही. डिसेंबर २००९ मध्ये कंपनीने स्कूटरचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा चेतकच्या परंपरेचा धागाही काही काळ तुटला.

कायद्याला मात्र मागे बसणारी व्यक्ती दिसली होती. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मोटारसायकलला मागच्या प्रवाशासाठी कायमची हातपकड, पाय ठेवण्याची सोय आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण आवश्यक आहे. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ते याच नियमातून आले. परंतु नियमाची पूर्तता कशी होते ते पाहावे : गाडीच्या रूपाशी काहीही संबंध नसलेली एक जाळी नंतर जोडलेली दिसते, आणि हौशी तरुण पहिल्याच आठवड्यात ती काढून टाकतो. दोष केवळ त्या तरुणाला देता येत नाही. जी वस्तू आराखड्याला उपरी वाटते ती वापरणाऱ्यालाही उपरीच वाटणार.

हा केवळ सोयीचा प्रश्न असता तर लेखाचे प्रयोजन उरले नसते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ७४,८९७, म्हणजे सुमारे ४४.५ टक्के, दुचाकीवरील होत्या. हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ मृतांमध्ये १४,३३७ जण मागे बसलेले होते. नाशिक शहरात १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम राबविण्यात आली. प्रस्तुत लेखिका त्या काळात पतीच्या मोटारसायकलवर मागे बसून महाविद्यालयात येत असे. दोन हेल्मेटे ठेवायची कोठे, हा रोजचा प्रश्न होता. स्कूटरच्या आसनाखाली निदान एक मावते. मोटारसायकलला मात्र पावसापासून आडोसा देणारी वीतभर जागाही नसते.

फ्रीडम १२५ काय सांगते

५ जुलै २०२४ रोजी पुण्यात सादर झालेली बजाजची सीएनजीवर चालणारी मोटारसायकल, फ्रीडम १२५, या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. दोन किलो सीएनजीची टाकी आणि दोन लिटर पेट्रोलची टाकी, हँडलवरील कळ दाबून इंधन बदलण्याची सोय, दोन्ही मिळून ३३० किलोमीटरचा कंपनीचा दावा, याची चर्चा पुष्कळ झाली. अधिक लक्षणीय बाब वेगळी आहे. सिलिंडर सामावण्यासाठी नळ्यांच्या जाळीची चौकट नव्याने रचावी लागली आणि तिच्यावर ७८५ मिलिमीटर लांबीची सलग बैठक आली. इंधनाची टाकी ठेवायची म्हटल्यावर मोटारसायकलचे अंग पुन्हा मांडता येते. तर दुधाच्या कॅनसाठी, हेल्मेटसाठी, एका बाजूला बसणाऱ्या प्रवाशाच्या पायांसाठी ते मांडता येणार नाही, हा युक्तिवाद यापुढे टिकणारा नाही. अर्थात याच गाडीची बैठक जमिनीपासून ८२५ मिलिमीटर उंच आहे. बेताच्या उंचीच्या चालकाला, विशेषतः स्त्रीला, मागे वजन असताना सिग्नलवर दोन्ही पाय टेकवणे कठीण जावे.

ब्रेकच्या बाबतीतही तसेच. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या सर्व नव्या मोटारसायकलींना एबीएस बंधनकारक झाले. त्याखालील गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागू करणारी सीबीएस यंत्रणा पुरेशी मानली गेली. म्हणजे एकटा तरुण घेतो त्या महागड्या गाडीला चाक न अडकण्याची हमी, आणि तिघांना व दोन कॅनना वाहणाऱ्या गाडीला तुलनेने साधी यंत्रणा. किमतीचे कारण समजण्यासारखे आहे, पण धोक्याची क्रमवारी येथे उलटी झाली आहे.

वीज आली म्हणजे हे आपोआप सुटेल, असाही एक समज आहे. ९ एप्रिल २०२२ रोजी नाशिकमध्येच कंटेनरमधून नेल्या जाणाऱ्या चाळीसपैकी वीस विद्युत स्कूटर जळाल्या. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. त्या वर्षीच्या अशा घटनांनंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे एआयएस-१५६ हे मानक कडक करण्यात आले आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. बॅटरी खाली व मध्यभागी ठेवता येते, इंजिन नसल्याने मधली जागा मोकळी होते. ही मुभा सामानाच्या व प्रवाशाच्या कामी लावली जाईल की पुन्हा टोकदार पॅनेलांत खर्ची पडेल, हे निवडीवर अवलंबून आहे.

अशी निवड पूर्वी झालेली आहे. १९५८ च्या होंडा सुपर कबची रचना करताना सोबा नूडल्स पोहोचवणारा पोऱ्या एका हाताने गाडी चालवू शकला पाहिजे, ही अट धरली गेली. म्हणून तिला हाताचा क्लच नाही. पायांना चिखलापासून आडोसा आहे. २०१७ पर्यंत या मालिकेची दहा कोटी वाहने तयार झाली.

आपल्याकडे असे भारवाहन मुळात नियमबाह्य आहे, मग त्यासाठी आराखडा का करावा, असा आक्षेप घेतला जाईल. तिघांनी बसणे नियमबाह्य आहे हे खरे. परंतु शेतमाल घेऊन बाजारात येणारा एकटा शेतकरी किंवा मागे एका बाजूला बसणारी एकटी स्त्री कोणताही नियम मोडत नाही. पुण्यात १९६६ पासून एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे. नव्या मोटारसायकलची ब्रेक आणि स्थैर्याची चाचणी तेथे एका बाजूला बसलेल्या प्रवाशासह, तसेच मागच्या आसापलीकडे अडकवलेल्या दोन भरल्या कॅनसह घेतली जावी, आणि तिचे निष्कर्ष माहितीपत्रकात इंधनबचतीच्या आकड्याशेजारी त्याच आकाराच्या अक्षरांत छापले जावेत, एवढी मागणी तूर्त रास्त ठरावी.