विझत जाणारी अक्षरे : ‘फॉस्फर’ या स्क्रीनसेव्हरची चिकित्सा

प्रास्ताविक

नाटक, कादंबरी वा चित्रपट यांच्या समीक्षेची परंपरा मराठीत दृढ आहे. संगणकावरील काम थांबले असता पडद्यावर आपोआप उमटणाऱ्या प्रतिमेकडे मात्र समीक्षकाचे लक्ष क्वचितच जाते. ती प्रतिमा कोणी मुद्दाम पाहत नाही, हे त्याचे एक कारण असावे. तथापि, न मागता समोर येणारी प्रतिमाही भूतकाळाविषयी काही सांगत असते आणि बेसावध मनावर तिचा ठसा अधिक सहज उमटतो. प्रस्तुत लेखात जेमी झविन्स्की यांनी १९९९ मध्ये लिहिलेल्या ‘फॉस्फर’ या स्क्रीनसेव्हरचा विचार केला आहे. झविन्स्की यांच्याच ‘एक्स-स्क्रीनसेव्हर’ या १९९२ मध्ये सुरू झालेल्या संग्रहात त्याचा समावेश आहे. जुन्या टर्मिनलची नक्कल करताना ही कृती काय जपते आणि काय वगळते, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

कृतीचे स्वरूप

काळ्या पडद्यावर मोठ्या, ओबडधोबड ठिपक्यांची हिरवी अक्षरे एकेक करून उमटू लागतात. ओळ संपली की पुढची ओळ सुरू होते. पडदा भरला की सारा मजकूर वर सरकतो आणि जुनी अक्षरे एकदम नाहीशी न होता मंद होत होत विझतात. मजकूर कोणता असावा, ठिपके केवढे असावेत आणि अक्षरांनी किती पायऱ्यांनी विझावे, हे वापरणाऱ्याला ठरवता येते. कृतीचे सारे सौंदर्य या विझण्यात साठवलेले आहे. एरवी डोळ्यांखालून भरभर निसटणारा मजकूर येथे अक्षराअक्षराने वाचावा लागतो आणि वाचून होतो न होतो तोच मावळू लागतो.

ही नक्कल नेमकी कोणत्या यंत्राची आहे? डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ मध्ये आणलेल्या ‘व्हीटी-१००’ या टर्मिनलच्या आज्ञा ‘फॉस्फर’ला समजतात. परंतु ‘व्हीटी-१००’च्या नेहमीच्या पडद्यावरील अक्षरे पांढरी असत. हिरवी आणि रेंगाळत विझणारी अक्षरे आयबीएमच्या १९८१ च्या वैयक्तिक संगणकासोबत आलेल्या ‘५१५१’ या मॉनिटरशी अधिक जुळतात. म्हणजे भाषा एका यंत्राची आणि उजेड दुसऱ्याचा, असा हा मेळ आहे. यास दोष म्हणण्याचे कारण नाही. स्मरण हे नेहमी अनेक वस्तूंचे एकच रूप घडवीत असते. ‘फॉस्फर’ ही यंत्राची नसून यंत्राच्या आठवणीची नक्कल आहे, एवढाच याचा अर्थ.

वगळलेला व्रण

जुन्या पडद्याच्या काचेला आतून फॉस्फरचा लेप असे. इलेक्ट्रॉनांचा झोत पडला की तो लेप उजळे आणि झोत पुढे गेल्यावरही क्षणभर उजळलेला राही. तेच अक्षर त्याच जागी महिनोन्‌महिने राहिले, तर तेथील लेप झिजे आणि यंत्र बंद असतानाही त्या अक्षराची पुसट आकृती काचेवर दिसे. स्क्रीनसेव्हरचा जन्म हे टाळण्यासाठीच झाला. जॉन सोचा यांचा ‘स्क्रनसेव्ह’ हा आयबीएमच्या वैयक्तिक संगणकासाठीचा प्रोग्रॅम डिसेंबर १९८३ मध्ये ‘सॉफ्टटॉक’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तीन मिनिटे काही काम झाले नाही तर पडदा काळा करणे, एवढेच त्याचे कार्य होते.

येथे ‘फॉस्फर’मधील मूलभूत विसंगती लक्षात येते. ज्या पडद्याला वाचविण्यासाठी ही विद्या निर्माण झाली, त्याच पडद्याचे सोंग ती येथे घेते. जणू औषधानेच रोगाचे रूप धारण करावे. मात्र रोगाचे मुख्य लक्षण तिने वगळले आहे. ‘फॉस्फर’मधील प्रत्येक अक्षर विझते, डाग कोणतेही ठेवत नाही. खऱ्या टर्मिनलवरील डाग हा तेथे बसून केलेल्या कामाचा पुरावा असे. कोणता तक्ता, कोणती यादी वर्षानुवर्षे उघडली गेली, हे काच सांगत असे. नकलेने उजेड ठेवला आणि श्रमाची खूण पुसली.

श्रम करणारी व्यक्तीही येथे नाही. याच संग्रहात ट्रेव्हर ब्लॅकवेल आणि झविन्स्की यांची ‘ॲपल-२’ ही २००३ मधील कृती आहे. तिच्या एका प्रकारात एक कल्पित वापरकर्ता बेसिक भाषेतील प्रोग्रॅम टाइप करतो आणि चालवून पाहतो. तेथे निदान माणसाच्या हाताचा आभास आहे. स्क्रीनसेव्हर म्हणून चालणाऱ्या ‘फॉस्फर’मध्ये मजकूर कोणाच्याही हाताविना येतो. रिकाम्या खुर्चीपुढे चाललेले हे लेखन मोहक वाटते, ते बऱ्याच अंशी ती खुर्ची रिकामी आहे म्हणून.

चौकटीचा वारसा

यावर एक आक्षेप संभवतो. ‘फॉस्फर’ केवळ शोभेची वस्तू नाही. स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून चालविल्यास ते खरोखरीचे टर्मिनल होते, त्यात आज्ञा देता येतात आणि काम करता येते. हा आक्षेप मान्य करावा लागतो. किंबहुना कृतीतील सर्वांत सच्चा भाग हाच आहे. हिरवा उजेड केव्हाच मावळला. ‘व्हीटी-१००’च्या आज्ञांचे व्याकरण मात्र आजच्या टर्मिनल-खिडक्यांतही जिवंत आहे.

परंतु वारसा म्हटला की त्यासोबत बंधनेही येतात. ‘व्हीटी-१००’चा पडदा २४ ओळी आणि ८० स्तंभांचा होता व त्याची अक्षरे रोमन होती. एका चौकटीत एक अक्षर आणि प्रत्येक अक्षर आधीच्याच्या उजवीकडे, हे त्या मांडणीचे गृहीतक. देवनागरीला ते मानवत नाही. ‘कि’ लिहिताना संगणक आधी ‘क’ आणि मग ऱ्हस्व इकार साठवतो; डोळ्यांना मात्र इकार आधी दिसला पाहिजे. ‘क्ष’सारखे जोडाक्षर साठवणीत तीन चिन्हांचे, पण वाचकासाठी एकच. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान, तसेच १९९१ चे ‘इस्की’ हे भारतीय मानक, हे प्रयत्न या अडचणीतून उभे राहिले. आज युनिकोड सर्वत्र रूढ असूनही अनेक टर्मिनल-खिडक्यांत देवनागरी अक्षरे विस्कटलेली दिसतात. म्हणून मराठी वाचकाने ही हिरवी अक्षरे पाहताना गहिवरण्यापूर्वी थोडे थांबावे. ज्या भूतकाळाची ही आठवण आहे, त्याच्या चौकटीत आपल्या लिपीला जागा नव्हती.

निष्कर्ष

‘फॉस्फर’ ही कुशल आणि प्रामाणिक कृती आहे. उजेडाच्या रेंगाळण्यातून ती वाचनाला मंद लय देते, आणि हे यश लहान नाही. तिच्यात उणीव आहे ती तिने केलेल्या निवडीची. जे सुंदर होते ते तिने जपले. जे कष्टाचे, झिजेचे आणि वगळले गेलेल्यांचे होते, ते तिच्या चित्रात नाही. स्मरणरंजनाची बहुतेक रूपे असेच करतात, म्हणून हा दोष एकट्या या कृतीच्या माथी मारणे न्याय्य ठरणार नाही. तिच्यातील अक्षरे विझली म्हणून वाचकाने त्यांचा इतिहासही विझू देऊ नये. काचेवरचा डाग आणि चौकटीबाहेर राहिलेला इकार, या दोन्हींची आठवण ठेवून ही कृती पाहिली, तर ती अधिक अर्थपूर्ण होते.