'एकच प्याला' आणि दुसरी पिढी : एक पुनर्वाचन

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक त्यांच्या निधनानंतर काही आठवड्यांतच, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने बडोदे येथे रंगभूमीवर आणले. त्यावरील समीक्षेत सिंधूचे पातिव्रत्य, तळीरामाचा विनोद आणि सुधाकराचा ऱ्हास यांची भरपूर चर्चा झाली. सुधाकराच्या तान्ह्या मुलाकडे मात्र कारुण्य वाढविणारे साधन, यापलीकडे क्वचितच पाहिले गेले.

गडकरी व्यसनाचे मूळ सुधाकराच्या वंशात शोधत नाहीत. मानी, तापट स्वभाव, न्यायालयातील अपमान आणि तळीरामाने पुढे केलेला पेला एवढी कारणपरंपरा त्यांना पुरते. पहिला पेला सर्वांना सारखाच घातक, हे नाटकाचे गृहीतक आहे. पुढे मूल पित्याच्याच हातून मरते आणि दुसऱ्या पिढीचा प्रश्न उद्भवण्यापूर्वीच मिटतो.

मेंदूविषयक संशोधन नेमके त्या मुलापासून सुरू होते. हेन्री बेग्लायटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मद्यासक्त पित्यांच्या ७ ते १३ वर्षे वयाच्या मुलांचे मेंदू-आलेख तपासले. या मुलांनी दारूला स्पर्शही केलेला नव्हता. तरीही लक्ष देण्याच्या क्रियेशी निगडित 'पी-३००' ही लहर त्यांच्यात इतर मुलांपेक्षा लहान आढळली. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत विवेक बेनेगल प्रभृतींनी १९९५ मध्ये मद्यासक्तांच्या निकटच्या पुरुष नातलगांत असाच कल नोंदविला : जोखीम जितकी अधिक, तितकी लहर लहान. म्हणजे पेल्यापूर्वीही काही घडलेले असते, आणि 'सर्वांना सारखाच' हे गृहीतक टिकत नाही.

तथापि या निष्कर्षांचे 'रक्तातच आहे' असे भाषांतर करणे ही अधिक मोठी चूक होय. लहान लहर हे निदान नव्हे. तो गटाच्या सरासरीतील फरक आहे आणि तो अन्य विकारांतही आढळतो. डोनाल्ड गुडविन यांचा डेन्मार्कमधील १९७३ चा दत्तकपुत्रांचा अभ्यास चौपट धोक्यासाठी सतत उद्धृत होतो. त्यातील मद्यासक्त जन्मदात्यांच्या ५५ मुलांपैकी १० मद्यासक्त झाले. उरलेल्या ४५ जणांविषयी सहसा कोणी बोलत नाही. एका बाबतीत मात्र गडकरी या संशोधनाला पूरक ठरतात. सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो. प्रतिष्ठितांकडून हेटाळणी होताच तो पुन्हा पेल्याकडे वळतो. व्यसनाच्या पुनरावृत्तीत समाजाचा वाटा किती, हे केवळ मेंदूच्या आलेखावरून कळत नाही.

अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि योगेश्वरी महाविद्यालय एकाच गावात आहेत. मानसोपचाराच्या व मराठीच्या अध्यापकांनी हे नाटक एकत्र शिकविण्यास येथे अंतराची सबब नाही. एरवी जुनी दारूबंदीची शिकवण किंवा नवी आनुवंशिकता, यांपैकी एकच काहीतरी वर्गात पोहोचते. आणि ज्याच्या घरी सुधाकर आहे असा विद्यार्थी मागच्या बाकावर बसून ते स्वतःविषयीचे भाकीत म्हणून ऐकतो.