मोळी, आंघोळ आणि पुण्णिका : ‘श्यामची आई’चे एक वाचन

मराठी घरांत संस्काराचे पुस्तक म्हणून ज्या पुस्तकाचे नाव प्रथम घेतले जाते, ते साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ होय. १९३३ साली ते नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झाले. आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेल्या १९५३ च्या चित्रपटास पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. शाळेच्या बक्षीस समारंभातून, वाचनालयातून आणि विहारांच्या ग्रंथकपाटांतूनही हे पुस्तक आपल्या मुलांच्या हाती येते. साहजिकच भिवंडी परिसरातील उपासक-उपासिका आम्हांस विचारतात की, हे पुस्तक मुलांना द्यावे की देऊ नये? ‘ते ब्राह्मणी पुस्तक आहे, देऊ नये’ असे काहींचे उत्तर असते. ‘त्यात दया आहे, अस्पृश्यतेचा निषेध आहे, अवश्य द्यावे’ असे इतरांचे. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे पुस्तक न उघडताच देता येण्याजोगी आहेत. पुस्तक उघडून, त्यातील एका प्रसंगापाशी थांबून या प्रश्नाचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तो प्रसंग ‘देवाला सारी प्रिय’ या प्रकरणातील आहे. महार समाजातील एका वृद्ध स्त्रीची लाकडांची मोळी खाली पडली आहे. ती तिला एकटीला उचलून डोक्यावर घेता येत नाही, आणि शिवाशिवीच्या भयाने कोणी हात लावीत नाही. श्यामची आई हे पाहते आणि मुलाला पाठविते. मोळी उचलून दे आणि घरी येऊन आंघोळ कर, असा तिच्या सांगण्याचा आशय आहे. श्याम मोळीला हात लावतो, म्हातारी वाटेला लागते, श्याम घरी येऊन आंघोळ करतो.

या प्रसंगाचे मोल आम्ही नाकारीत नाही. ज्या गावात मोळीला हात लावणे हाच अपराध होता, त्या गावात एका कुलीन स्त्रीने आपल्या मुलाला तो हात लावायला सांगितले, ही गोष्ट लहान नव्हे. साने गुरुजींच्या प्रामाणिकपणाविषयीही शंका घेण्याचे कारण नाही. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केले. परंतु ग्रंथाची समीक्षा ग्रंथकाराच्या हेतूने पुरी होत नसते. वाचकाच्या मनात ग्रंथ काय रुजवितो, ते पाहावे लागते.

या प्रसंगात दोन कृती आहेत. मोळीला हात लावणे ही पहिली आणि आंघोळ करणे ही दुसरी. पहिली कृती एका माणसाला मदत करते. दुसरी कृती तो माणूस विटाळ करणारा आहे, या नियमाला मान्यता देते. म्हातारीचा भार क्षणभर हलका झाला, पण ज्या नियमामुळे तिच्या मोळीला कोणी हात लावीत नव्हते तो नियम आंघोळीच्या पाण्याने पुन्हा स्वच्छ होऊन जागच्या जागी राहिला. त्याच कोकणात २० मार्च १९२७ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले. त्यानंतर तेथील सवर्णांनी पंचगव्याच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. श्यामची आंघोळ आणि तळ्याची शुद्धी यांत भावनेचे अंतर फार मोठे आहे. एकीत ममता आहे, दुसरीत द्वेष आहे. मात्र दोहोंचा सिद्धान्त एकच आहे. आणि श्याम आपल्या आश्रमातील सोबत्यांना ही आठवण सांगतो असे लेखकाने लिहिले, तेव्हा महाडला सहा वर्षे होऊन गेली होती, हे वाचकाने ध्यानी ठेवावे.

येथे एका अमेरिकन कादंबरीची तुलना उपयोगी पडेल. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण करताना गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांचे स्मरण केले. तेव्हापासून अमेरिकेतील वर्णद्वेष आणि आपल्याकडील जातिभेद शेजारी ठेवून पाहण्याची आपली परंपरा आहे. मार्क ट्वेन यांची ‘हकलबेरी फिन’ ही कादंबरी १८८४-८५ साली प्रसिद्ध झाली, म्हणजे गुलामगिरी कायद्याने संपून वीस वर्षे उलटल्यावर. तिच्यातील काळ मात्र गुलामगिरीचा आहे. ‘श्यामची आई’प्रमाणेच तीही एका मुलाने सांगितलेली, मागे पडलेल्या काळाची गोष्ट आहे आणि आपल्या देशात तीही अभिजात मानली जाते.

हक हा एका दारुड्या गोऱ्या बापाचा मुलगा. मिस वॉटसन या बाईचा गुलाम जिम आपल्याला विकले जाणार या भयाने पळालेला असतो. दोघे एका तराफ्यावरून मिसिसिपी नदीतून प्रवास करतात. गुलामाला पळून जाण्यास साह्य करणे म्हणजे चोरी आणि चोरी म्हणजे पाप, असे हकला शिकविले गेले आहे. त्याची सद्सद्विवेकबुद्धी त्याला टोचते. शेवटी तो जिमचा ठावठिकाणा कळविणारे पत्र मालकिणीला लिहितो, आणि लिहून होताच आपण पापातून धुऊन निघालो असे त्याला वाटते. ही हकची आंघोळ होय. पण मग त्याला तराफ्यावरचा जिम आठवतो, त्याने केलेली माया आठवते, आणि आपण नरकात गेलो तरी चालेल असे ठरवून तो ते पत्र फाडून टाकतो.

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या निबंधात दाखवून दिले की, जातीने सद्गुणालाही जातीच्या कुंपणात कोंडले आहे. हकची टोचणारी बुद्धी ही अशीच कुंपणातली बुद्धी आहे. समाजाने जे पाप म्हणून शिकविले ते पापच आहे, असे तो अखेरपर्यंत मानतो. गुलामगिरी अन्यायाची आहे, हा विचार त्याला सुचत नाही. तरीही तो शुद्धी नाकारतो. श्यामला मात्र शुद्धी नाकारण्याची वेळच येत नाही. कारण त्याच्या आईने करुणा आणि सोवळे यांची गाठ इतक्या प्रेमाने बांधली आहे की, त्या दोहोंत विरोध आहे हे मुलाला जाणवतच नाही. आमच्या मते या पुस्तकातील पूर्वग्रह कठोर नाही, मायाळू आहे, आणि म्हणूनच तो ओळखायला अवघड आहे.

ट्वेन यांची कादंबरी निर्दोष आहे असे मात्र कोणी समजू नये. कृष्णवर्णीयांसाठी वापरला जाणारा तुच्छतावाचक शब्द तिच्यात दोनशेहून अधिक वेळा येतो. पत्र फाडल्यानंतर लगेचच, बोटीवरील स्फोटाची एक बनावट हकिकत सांगताना, कोणाला इजा झाली का या प्रश्नावर हक ‘नाही’ म्हणतो आणि एक काळा मनुष्य मेल्याचे जोडतो. ऐकणाऱ्या बाईचेही समाधान होते. मेलेला मनुष्य तिच्या हिशेबी ‘कोणी’ नव्हताच. शेवटच्या प्रकरणांत तर टॉम सॉयर हा मुलगा, जिम मालकिणीच्या मृत्युपत्राने आधीच मुक्त झाला आहे हे ठाऊक असूनही, केवळ खेळ म्हणून त्याला कोंडून ठेवतो. टोनी मॉरिसन यांनी १९९२ च्या आपल्या समीक्षेत या लांबविलेल्या मुक्तीवर नेमके बोट ठेवले आहे.

वर्गाच्या दृष्टीनेही दोन्ही पुस्तके एकमेकांवर प्रकाश टाकतात. हकचा बाप निरक्षर, दरिद्री आणि व्यसनी. एक सुशिक्षित कृष्णवर्णीय प्राध्यापक स्वतःच्या राज्यात मत देऊ शकतो हे कळल्यावर तो संतापाने वेडा होतो. त्याच्या जवळ गोरेपणाखेरीज काहीही नाही, म्हणून तेवढे तरी तो सोडीत नाही. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय ते या एका पात्रात दिसते. ‘श्यामची आई’त असा संताप नाही. तेथे आहे ते खोताच्या घराण्याचे ओसरते वैभव. कर्ज वाढते, सावकाराचा माणूस दारात येऊन अपमान करतो, घराच्या जप्तीची दवंडी पिटली जाते. ही पाने वाचताना मराठी वाचक पिढ्यान्‌पिढ्या रडला आहे. पण खोतीच्या त्या व्यवस्थेत कुळांचे काय होत होते, हा प्रश्न त्या अश्रूंत वाहून जातो. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले ते याच कोकणातील कुळांसाठी. पुस्तकात खोताच्या घरची गरिबी ही शोकांतिका ठरते. मोळीवाल्या म्हातारीची गरिबी ही रानातल्या झाडासारखी, नेहमीच असणारी गोष्ट ठरते. ती का गरीब आहे, हे कोणी विचारीत नाही.

आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्गा’त ब्रह्मविहारांचे विवेचन करताना प्रत्येक ब्रह्मविहाराला दोन शत्रू सांगितले आहेत, एक दूरचा आणि एक जवळचा. करुणेचा दूरचा शत्रू म्हणजे हिंसावृत्ती. ती सहज ओळखू येते. जवळचा शत्रू म्हणजे ‘गेहसित दोमनस्स’, घराच्या आश्रयाने उपजणारा शोक, जे प्रिय होते ते गेले म्हणून वाटणारे दुःख. ते करुणेसारखे दिसते, म्हणून फसविते. ‘श्यामची आई’वरचे आपले अश्रू बहुतांशी या दुसऱ्या जातीचे आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात करुणेपाशी न थांबता मैत्रीपर्यंत जाण्याचा बुद्धाचा उपदेश सांगितला. करुणा वरून खाली वाहू शकते. मैत्रीला दोन्ही बाजू सारख्या असाव्या लागतात.

मग म्हातारीची बाजू कोठे आहे? ‘श्यामची आई’त ती नाही. म्हातारी येते, तिची मोळी उचलली जाते, ती जाते. ती बाजू वाचायची तर ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’कडे वळावे लागते. २००३ साली प्रसिद्ध झालेले हे आत्मकथन त्याच रत्नागिरी जिल्ह्यातले आहे, आणि त्याच्या आरंभीच लाकडांचे, गवताचे भारे डोक्यावर घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बायका आहेत. त्या बोलतात, थकतात, चिडतात, हसतात. तेथे मोळी ही कोणाच्या पुण्याची संधी नाही, ती डोक्यावरचे वजन आहे. अमेरिकेतही असेच घडले. पर्सिव्हल एव्हरेट या कृष्णवर्णीय लेखकाने २०२४ साली ‘जेम्स’ ही कादंबरी लिहून हकची गोष्ट जिमच्या तोंडून सांगितली. त्यातला जिम वाचतो, लिहितो, आणि गोऱ्यांसमोर अडाण्याची भाषा मुद्दाम बोलतो. तिला २०२५ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. ज्याच्यावर दया केली गेली तो स्वतः बोलू लागला की, दयेची गोष्ट पहिल्यासारखी राहत नाही.

पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला हे नवे नाही. ‘थेरीगाथे’च्या सोळा गाथांच्या निपातात पुण्णिका बोलते. अट्ठकथेप्रमाणे ती अनाथपिंडिकाच्या घरची दासी. कडाक्याच्या थंडीत, मालकिणींच्या माराच्या आणि बोलण्याच्या भयाने, तिला पाणी आणायला नदीत उतरावे लागे. तेथेच एक ब्राह्मण पाप धुण्यासाठी थंडीत कुडकुडत स्नान करीत असतो. ती त्याला विचारते की, तू कोणाला भिऊन पाण्यात उतरलास? पाण्याने पाप जात असेल तर बेडूक, कासवे आणि मगरीही स्वर्गाला जातील. आणि नद्या पाप वाहून नेत असतील तर त्यांनी पुण्यही वाहून न्यावे, असा तिचा युक्तिवाद आहे. डोक्यावर भार वाहणारी स्त्री येथे आंघोळीलाच प्रश्न विचारते. ब्राह्मण निरुत्तर होतो आणि कृतज्ञतेने तिला आपले वस्त्र देऊ करतो. पुण्णिका ते घेत नाही. तुझे वस्त्र तुलाच असू दे, असे ती सांगते, आणि दुःखाला भीत असशील तर पापकर्म करू नकोस, एवढेच म्हणते.

आपल्या ग्रंथांकडेही याच दृष्टीने पाहणे प्राप्त आहे. विनयपिटकाच्या महावग्गात दासाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे, आणि पुण्णिकेला संघात येण्यापूर्वी मालकाने दास्यमुक्त करावे लागले, असे अट्ठकथा सांगते. तत्कालीन समाजाची बंधने संघाच्या दारापर्यंत आली होती, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु संघाने त्या दासीचे शब्द तिच्याच तोंडचे म्हणून जतन केले आणि तिच्यासमोर हरलेल्या ब्राह्मणाला शरण जाताना दाखविले. ही गोष्ट निर्णायक आहे.

तेव्हा मूळ प्रश्नाचे आमचे उत्तर असे : ‘श्यामची आई’ मुलांच्या हाती द्यावे, पण एकटे देऊ नये. विहारातील रविवारच्या वर्गात मोळीचा प्रसंग वाचून दाखवावा आणि मुलांना विचारावे, श्यामने आंघोळ का केली? ती केली नसती तर काय झाले असते? म्हातारीने घरी जाऊन काय सांगितले असेल? नंतर ‘आयदान’चे पहिले पान वाचावे, आणि त्यानंतर पुण्णिकेच्या गाथा. भिवंडीच्या गोदामांत आणि यंत्रमागांच्या गल्ल्यांत आजही माणसे डोक्यावर गाठी वाहतात. त्यांतील कित्येकांची मुले या वर्गात बसलेली असतील. त्यांना मोळी उचलून देणारा हात आवडेल, आणि आवडावाही. पण त्या हाताला नंतर आंघोळ का लागते, हा प्रश्न विचारण्याचे धैर्य त्यांच्या अंगी येणे, हाच आपल्या दृष्टीने खरा संस्कार होय.