पॅरिसचे भोंगे, न्यूयॉर्कचा ट्रंपेट

अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विनची 'अ‍ॅन अमेरिकन इन पॅरिस' ही वाद्यवृंदासाठीची रचना थेट चालायलाच लागते. व्हायोलिन आणि ओबो एक छोटी, हलकी सुरावट उचलतात आणि कुणीतरी रस्त्यावर आलेलं असतं. ठेका दोन मात्रांचा, दोन पावलांचा. पण पावलं सरळ पडत नाहीत. ओळ पुरी होतेय असं वाटतं तिथे ती वळते, मध्येच थबकते, पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू होते. या माणसाला कुठेही वेळेवर पोचायचं नाही. कामावर निघालेला माणूस असा चालत नाही, आणि चार दिवसांत शहर उरकायला आलेला प्रवासीही असा चालत नाही. हेच शहर ज्याच्या वाट्याला उद्याही आहे आणि परवाही, त्याचीच चाल अशी असते. पुढची अठरा-एक मिनिटं मला पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटतात ती या चालीसाठी, आणि ती जिथे थांबते त्या जागेसाठी.

ही सुरावट गर्श्विनला सुचली १९२६ मध्ये, पॅरिसच्या एका छोट्या मुक्कामात. ज्या स्नेह्यांकडे तो उतरला होता त्यांना भेट दिलेल्या स्वतःच्या फोटोवर त्याने ती लिहून दिली आणि ती अगदी पॅरिसची आहे असा शेराही मारला. पण तुकडा तिथेच अडला. थोड्या दिवसांच्या भेटीत हाती लागलेलं तेवढंच होतं. १९२८ च्या मार्चमध्ये तो पुन्हा युरोपला निघाला, तेव्हा बरोबर भाऊ आयरा, वहिनी आणि बहीण फ्रान्सिस होती. आधी थोडे दिवस लंडन, मग पॅरिस, मध्ये व्हिएन्नाची फेरी, आणि जूनमध्ये परत. पॅरिसमध्ये त्याचा मुक्काम होता हॉटेल मॅजेस्टिकमध्ये. वय २९. 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू' चार वर्षांपूर्वीच गाजलेली. तरी त्याला शिकायचं होतं. फ्रेंच संगीतकार राव्हेलने संगीतशिक्षिका नादिया बुलांजे यांना त्याच्यासाठी पत्र लिहिलं होतं, पण त्यांनी शिकवणी नाकारली. त्याच्याजवळ जे उपजत आहे त्याला आपल्या शिकवण्याने धक्का लागू नये, ही त्यामागची भावना. मला तो नकार फार मोलाचा वाटतो. ही रचना तालमीत घोटून तयार झालेली नाही, ती रस्त्यावर वाढली आहे.

रस्ता तिच्यात अक्षरशः आहे. आव्हेन्यू द ला ग्रांद आर्मे या रस्त्यावर तेव्हा मोटारींच्या सुट्या भागांची दुकानं होती. तिथून गर्श्विनने टॅक्सीचे भोंगे विकत घेतले, ते रबरी फुगा दाबून वाजवायचे, आणि न्यूयॉर्कला नेले. पियानोसाठीचा आराखडा ऑगस्टच्या सुरुवातीला पुरा झाला, वाद्यवृंदासाठीचं लेखन १८ नोव्हेंबरला. म्हणजे या संगीतातलं पॅरिस बरंचसं न्यूयॉर्कमध्ये बसून, आठवणीतून लिहिलेलं आहे. कॅफे, बागा, वसंतातली हवा, सगळं त्याने आठवणीवर सोपवलं, पण भोंग्यांचा आवाज सोपवला नाही. तो प्रत्यक्षच हवा होता. परक्या शहरात दोन-तीन महिने राहिलेल्या कुणालाही हे पटेल. स्मारकं मनात राहतात, पण खिडकीखालचा तो विशिष्ट गोंगाट घरी आल्यावर नेमका आठवत नाही, आणि सगळ्यात जास्त चुटपुट त्याचीच लागते.

या भोंग्यांचीही एक कथा आहे. स्वरलेखनात गर्श्विनने त्यांच्यापुढे वर्तुळात ए, बी, सी, डी अशी अक्षरं लिहिली. पाश्चात्त्य संगीतात स्वरांची नावंही हीच. त्यामुळे कित्येक दशकं वाद्यवृंद त्या चार स्वरांचे भोंगे वाजवत आले. वाद्यवृंद-संचालक टोस्कानिनीच्या १९४५ च्या ध्वनिमुद्रणातही तेच ऐकू येतात. पण अमेरिकी अभ्यासक मार्क क्लेग यांनी अलीकडे मांडलं की ती अक्षरं म्हणजे भोंग्यांची नुसती ओळख असावी, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा अशी. पुरावा १९२९ चा आहे. संचालक नॅथॅनियल शिल्क्रेटने केलेल्या या रचनेच्या पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी गर्श्विन स्वतः हजर होता, सेलेस्टा हे वाद्यही त्यानेच वाजवलं, आणि त्यात भोंगे वेगळे बोलतात: ए फ्लॅट, बी फ्लॅट, बराच वरचा डी आणि खालचा ए. फरक बारीक वाटेल, पण कानाला मोठा आहे. ओळीने लावलेले चार स्वर सुरावटीत मिसळून जातात, सभ्य होतात. शिल्क्रेटच्या मुद्रणातले भोंगे सुरावटीला आडवे येतात, कर्कश आणि विखुरलेले. चालणारा फुटपाथवरून पाऊल खाली टाकतो आणि झटकन मागे घेतो, हे त्यांत दिसतं. मला शिल्क्रेटचीच बाजू पटते.

मधला भाग भराभर जातो. ट्रॉम्बोन एका कॅफेवरून जाताना कानावर पडावी तशी जुन्या लोकप्रिय गाण्याची धून वाजवतात. क्लॅरिनेट चालण्याची दुसरी, जरा खट्याळ सुरावट आणतं. एकट्या व्हायोलिनचा लाडिक तुकडा येतो. पहिल्या प्रयोगाच्या पुस्तिकेत संगीत समीक्षक डीम्स टेलरने यातल्या प्रत्येक वळणाला पॅरिसचा पत्ता दिला होता: नदीचा हा काठ, तो काठ. गर्श्विनने स्वतः मात्र श्रोत्याला मोकळं ठेवलं होतं, आणि ते योग्यच. नकाशा घेऊन ऐकलं की यातली भटकंती मरते.

आणि मग चाल थांबते. वाद्यवृंद ओसरतो, लय संथ होते आणि ट्रंपेट एकटा गायला लागतो. त्याच्या तोंडावर फेल्टची टोपी घालायची सूचना आहे, म्हणून आवाज पितळी राहत नाही. आतून, घशातून आल्यासारखा होतो. हा ब्लूज आहे. ब्लूजचा गंधार आपल्या कानाला लगेच ओळखू येतो. तो शुद्ध गंधारावर बसत नाही, कोमलावरही नाही, दोन्हींच्या मधल्या जागेत रेंगाळतो. आपल्याकडे मींड जिथे काळीज हलवते, तीच जागा. कॅफेत बसलेल्या अमेरिकनाला अचानक घर आठवलं, असं गर्श्विनने म्हटलं होतं.

रचनेचं मर्म मला इथे सापडतं. पॅरिसवरच्या या संगीतातली सगळ्यात सुंदर सुरावट पॅरिसची नाही. जो फक्त बघायला जातो त्याला घर आठवायला फुरसत नसते. त्याचा दिवस आधीच भरलेला असतो. घर आठवतं ते राहणाऱ्याला. शहर इतकं सवयीचं झालेलं असतं की त्याच्याकडे बघणं घटकाभर थांबवता येतं, आणि त्या मोकळ्या घटकेत दूरचा एक आवाज आत शिरतो. ही व्याकुळता म्हणजे पॅरिसबद्दलची तक्रार नाही. पॅरिस त्याच्या अंगवळणी पडलं, हेच ती सांगते.

त्या घराकडेही नीट पाहावं. गर्श्विनचे आईवडील रशियातून आलेले ज्यू. हा ब्रुकलिनमध्ये जन्मलेला. आणि परदेशात घराची आठवण आली तेव्हा त्याच्या ओठी आला तो कृष्णवर्णीय अमेरिकनांचा ब्लूज. ज्या शहरात शेजाऱ्याचं गाणं आपलं होऊन जातं, ते न्यूयॉर्क त्याला हवं होतं. म्हणून ट्रंपेटपाठोपाठ उसळणारा चार्ल्स्टन नाचाचा तुकडाही मला नुसता उत्साह वाटत नाही. दोन ट्रंपेट तो वाजवतात. एकटा गाणाऱ्याला त्याच्या मुलखातलं कुणी भेटलं आहे.

शेवटाकडे चालण्याची सुरावट परत येते, तीही वेगवेगळ्या हातांतून. एकदा तर चक्क ट्युबा ती घेतो. ते जडशीळ वाद्य तेच हलकं पाऊल टाकताना ऐकून दर वेळी आनंद होतो. मग सगळा वाद्यवृंद मिळून ब्लूज गातो, मोठ्याने, लपवाछपवी न करता. मघाशी एकट्याने कुजबुजलेली गोष्ट आता शहरभर ऐकू जाते, आणि तिच्याभोवती चालणंही चालूच राहतं.

१३ डिसेंबर १९२८ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये संचालक वॉल्टर डॅमरॉशने ही रचना पहिल्यांदा वाजवली. काही समीक्षकांनी नाकं मुरडली, श्रोत्यांनी मात्र ती उचलून धरली. १९५१ मध्ये अभिनेता-नर्तक जीन केली याच संगीतावर चित्रपटाच्या पडद्यावर नाचला, तेव्हा गर्श्विनला जाऊन चौदा वर्षं झाली होती. तो नाच देखणा आहे, पण रचनेची पहिली ओळख त्यातून करून घेऊ नये. रंग आणि कपडे कानांच्या पुढे धावतात. आधी शिल्क्रेटचं खरखरीत ध्वनिमुद्रण ऐकावं, मग संचालक बर्नस्टाइनचं १९५८ चं. आणि दोन्हींत ट्रंपेट सुरू होण्याआधी लय कशी हळूहळू पाय काढून घेते, तेवढ्याकडे मुद्दाम कान द्यावा.